'३७ मेसेजेस, ३७ सीन' आणि इनबॉक्स रिकामा: फेचमेल नेमकं कुठे अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेबियन लिनक्सवर फेचमेल, म्हणजे सर्व्हरवरचे मेल आपल्या संगणकावर उतरवणारा प्रोग्राम, टाकलं, कुठूनतरी नमुन्याची कॉन्फिग फाइल उतरवून घेतली. आधी 'ऑथरायझेशन फेल्युअर' येत होतं. नवा पासवर्ड काढल्यावर ते गेलं, पण आता दर वेळी '३७ मेसेजेस, ३७ सीन' एवढंच सांगून प्रोग्राम बंद होतो आणि एकही मेल उतरत नाही. तीनदा काढून पुन्हा इन्स्टॉल केलं, फरक शून्य. मग फेचमेल सोडून दुसरं काही वापरावं का?

सोडू नका, आणि चौथ्यांदा इन्स्टॉलही करू नका. रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे असं चाललंय. पॅकेज काढून पुन्हा टाकलं तरी तुमच्या होम डिरेक्टरीतली कॉन्फिग फाइल जशीच्या तशी राहते, आणि या प्रकरणात जे काही चुकतं ते जवळपास नेहमी त्या फाइलमध्ये किंवा तिच्या पलीकडे चुकतं. शिवाय तुमचं फेचमेल बिघडलेलंच नाही. सर्व्हरपर्यंत रस्ता आहे, टीएलएस (जोडणी गुप्त ठेवणारी व्यवस्था) जुळलंय, लॉगिन झालंय, इनबॉक्स उघडून त्याने मेल मोजलेसुद्धा. पाचातली चार कामं पार पडली आहेत.

(आज्ञा आणि फाइलींची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.)

'सीन' म्हणजे काय ते आधी. आयमॅपमध्ये, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायच्या पद्धतीत, प्रत्येक मेलवर सर्व्हर काही खुणा ठेवतो, त्यातली एक म्हणजे 'हा वाचलेला आहे'. फोनवर मेल उघडला, ब्राउझरमध्ये उघडला, की ती खूण लागते. फेचमेल वेगळं काही सांगितलं नसेल तर न वाचलेले मेलच उचलतं. तुमचे ३७च्या ३७ मेल फोनवर वाचून झालेत, म्हणून ते मोजून परत फिरतं. पटत नसेल तर स्वतःलाच एक मेल पाठवा, फोनला हात लावू नका आणि फेचमेल चालवा. आकडा '३८ मेसेजेस, ३७ सीन' असा येईल आणि तो एक मेल ते उचलायला जाईल.

जुने मेलही हवे असतील तर फेचमेलला डॅश ए हा पर्याय द्यायचा. थांबा, लगेच देऊ नका. फेचमेलची मूळ सवय अशी की मेल उतरवून पुढे दिला की सर्व्हरवरचा पुसून टाकायचा. ते घडलं तेव्हा लोक मेल एकाच संगणकावर ठेवत, त्यामुळे त्यात वावगं काही नव्हतं. आज फोन, लॅपटॉप आणि ब्राउझर एकाच इनबॉक्सकडे बघत असतात. म्हणून सगळं बसेपर्यंत फाइलमध्ये 'कीप' हा शब्द असलाच पाहिजे, किंवा दर वेळी डॅश के द्यायचा. डॅश ए मात्र एकदाच, हाताने, डॅश के सोबत. त्याचा फाइलमधला जोडीदार 'फेचऑल' जर 'कीप'च्या शेजारी कायमचा लिहून ठेवला, तर दर फेरीला तेच ३७ मेल पुन्हा पुन्हा उतरत राहतील आणि मग तुम्ही 'डुप्लिकेट मेल येतात' असा नवा प्रश्न घेऊन याल.

तुम्ही पॉप३, म्हणजे मेल नुसते उतरवून घ्यायची जुनी पद्धत, वापरत असता तर गोष्ट वेगळी असती. पॉप३ला वाचलं-न वाचलं हा प्रकार ठाऊकच नाही. तिथे 'कीप'सोबत 'यूआयडीएल' हा शब्द लिहावा लागतो, मग फेचमेल प्रत्येक मेलचा ओळख क्रमांक होम डिरेक्टरीतल्या 'डॉट फेचआयडीज' या फाइलमध्ये टिपून ठेवतं. ती फाइल उडवली की त्याची स्मृतीही गेली, आणि सर्व्हरवर आहे नाही ते सगळं पुन्हा उतरतं.

आता पाचवं काम, म्हणजे उतरलेला मेल ठेवायचा कुठे. 'सीन'चं कोडं सुटलं की तुम्ही बहुधा इथे येऊन आदळणार आहात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फेचमेल स्वतः मेल साठवत नाही. ते सर्व्हरवरून मेल आणतं आणि तुमच्याच संगणकावरच्या मेल सर्व्हरच्या हातात, म्हणजे लोकलहोस्टच्या पोर्ट २५वर (पोर्ट म्हणजे संगणकाचं क्रमांक दिलेलं दार), देतं. पुढचं काम पोस्टफिक्स किंवा एक्झिमसारख्या प्रोग्रामचं. पण डेस्कटॉपवर असा मेल सर्व्हर अनेकदा टाकलेलाच नसतो. मग संदेश येतो: 'एसएमटीपी कनेक्ट टू लोकलहोस्ट फेल्ड'. लोक हे वाचतात आणि मेल देणाऱ्या कंपनीच्या एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवण्याच्या, सेटिंग्ज, पोर्ट ५८७ वगैरे तपासत बसतात. त्याचा इथे काडीचाही संबंध नाही. लोकलहोस्ट म्हणजे तुमचाच संगणक. 'एसएस डॅश एलटीएन' चालवा. यादीत पोर्ट २५ दिसत नसेल तर मेल स्वीकारायला दारात कोणी उभंच नाही.

यावर दोन रस्ते आहेत. पोस्टफिक्स टाकायचं आणि सेटअपच्या वेळी 'लोकल ओन्ली' निवडायचं, किंवा मेल सर्व्हरच्या भानगडीत न पडता फेचमेलला 'एमडीए' या शब्दाने थेट एक वाटप करणारा प्रोग्राम द्यायचा, जसा मेलड्रॉप किंवा प्रॉकमेल. एकट्यासाठी वापरत असाल तर मी दुसरा रस्ता सुचवेन. हलणारे भाग कमी, म्हणून बिघडणारेही कमी. पोस्टफिक्सच घेतलंत तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्याची मेलच्या आकाराची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट आहे, म्हणजे साधारण दहा एमबी. मोठी जोडपत्रं असलेला मेल तिथे अडतो, बाकीचे येतात, आणि माणूस चक्रावतो. दुसरं असं की कॉन्फिगमध्ये 'इज' या शब्दापुढे लिहायचं नाव हे संगणकावरच्या तुमच्या खात्याचं असतं. तिथे मेलचा पत्ता लिहिला किंवा नावात एक अक्षर चुकलं, तर पोस्टफिक्स 'असा कोणी इथे राहत नाही' म्हणतं. वाईट म्हणजे फेचमेल त्याची नापसंती मूळ पाठवणाऱ्याला कळवू शकतं. तुमच्या साहेबांना 'तुमचा मेल पोचला नाही' असं पत्र जायला नको असेल तर प्रयोग चालू असेपर्यंत फाइलच्या वरच्या भागात 'सेट नो बाउन्समेल' लिहून ठेवा. मग तक्रार बाहेर जात नाही, या संगणकाच्या पोस्टमास्टरकडे येते.

एमडीएच्या रस्त्यावर एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलोय. मेल वाटायला मी हौसेने एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली होती. मेल फोल्डरमध्ये टाकायचा आणि शेवटी लॉगमध्ये 'झालं' अशी एक ओळ लिहायची. एके दिवशी मेलचं पार्टिशन भरलं. मेल टाकण्याची आज्ञा फसत होती, पण लॉग वेगळ्या पार्टिशनवर होता, त्यामुळे शेवटची ओळ बिनबोभाट लिहिली जात होती. स्क्रिप्टचा निकाल हा तिच्या शेवटच्या आज्ञेचा निकाल असतो, म्हणजे शून्य, म्हणजे यश. फेचमेलने त्यावर विश्वास ठेवला आणि सर्व्हरवरचे मेल पुसत गेलं. दोन दिवसांचे मेल गेले, आणि लॉगमध्ये मात्र ओळीने 'झालं, झालं, झालं'. चूक शंभर टक्के माझी. तेव्हापासून एमडीए म्हणून मी घरी लिहिलेलं काहीही वापरत नाही, आणि तुम्हाला वापरायचंच असेल तर स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट डॅश ई' हवं.

आणि मेल पोचूनही दिसत नाही, हाही एक प्रकार. मेल 'व्हार-मेल'मधल्या तुमच्या नावाच्या फाइलमध्ये साठत असतो आणि मट किंवा दुसरा कुठला वाचक होममधल्या 'मेलडिर' फोल्डरकडे डोळे लावून बसलेला असतो. फेचमेल म्हणतं 'फ्लश्ड' किंवा 'नॉट फ्लश्ड', म्हणजे त्याच्या बाजूने काम फत्ते. तेव्हा आधी 'एलएस' करून दोन्ही जागा बघा.

तुमचं लॉगिन सुटलंय, पण ते का अडलं होतं हे समजून घ्या, कारण ते पुन्हा अडू शकतं. गूगलने ३० मे २०२२पासून वैयक्तिक जीमेल खात्यांवर नेहमीच्या पासवर्डने अशा प्रोग्रामना आत येऊ देणं बंद केलं. दोन-टप्पी पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा अॅप पासवर्ड काढावा लागतो. तो स्क्रीनवर चार-चार अक्षरांच्या गटांत दिसतो. फाइलमध्ये मधल्या मोकळ्या जागा न ठेवता सलग लिहा. मायक्रोसॉफ्टचं दार त्याहून घट्ट आहे. एक्सचेंज ऑनलाइनवर पॉप आणि आयमॅपसाठी साधा पासवर्ड बंद करायला त्यांनी १ ऑक्टोबर २०२२पासून सुरुवात केली, आणि आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांवर १६ सप्टेंबर २०२४पासून. तिथे ओऑथ (पासवर्डऐवजी परवानगीचं टोकन देऊन आत जायची पद्धत) लागतं, आणि फेचमेलच्या ६.४ मालिकेत ते नाही. अशा खात्यासाठी 'पासवर्ड बरोबर आहे, तरी फेल्युअर' म्हणून आठवडा घालवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ते खातं असेल तरच दुसऱ्या प्रोग्रामकडे वळण्यात अर्थ आहे. गेटमेल६ला ओऑथ येतं, एमबीसिंकलाही येतं, पण त्याला एसएएसएलचं, म्हणजे लॉगिनच्या पद्धती पुरवणाऱ्या व्यवस्थेचं, वेगळं प्लगिन लागतं.

पासवर्ड खरंच बरोबर असूनही अडतो त्याचं आणखी एक कारण म्हणजे विरामचिन्हं. स्वल्पविराम, अर्धविराम, बरोबरचं चिन्ह किंवा नुसते आकडे असलेला पासवर्ड दुहेरी अवतरणात घालावा लागतो, आणि त्या अवतरणात उलटी तिरकी रेघ आली तर ती दोनदा लिहावी लागते. फाइलच्या परवानग्यांबाबतही फेचमेल हट्टी आहे, आणि तो हट्ट रास्त आहे. 'डॉट फेचमेल-आरसी' इतरांना वाचता येत असेल तर ते चालायलाच नकार देतं. 'सीएचमॉड ६००' केलं की झालं. नमुन्याच्या फाइली हाताने बदलताना शब्दांचा क्रमही मोडतो. सर्व्हरविषयीचे शब्द, म्हणजे प्रोटोकॉल, पोर्ट वगैरे, 'यूजर'च्या आधी यायला हवेत; 'एसएसएल', 'कीप' आणि पासवर्ड त्यानंतर. 'विथ', 'अँड', 'हॅज' हे शब्द केवळ वाचायला बरं वाटावं म्हणून आहेत, फेचमेल ते गाळून वाचतं. फाइलचा अर्थ त्याने काय लावला हे बघायचं असेल तर मोठ्या लिपीतला डॅश व्ही. कोणाशीही न बोलता ते सगळ्या सेटिंग्ज छापून दाखवतं. मला कोणी कॉन्फिग तपासायला दिली की मी फाइल नंतर वाचतो, आधी हे छापून घेतो.

रस्ता आणि टीएलएस तुमच्याकडे ठीक आहेत, म्हणून तिथे थोडक्यात. आयमॅपची पोर्ट दोन, १४३ आणि ९९३. पॉप३ची ११० आणि ९९५. ९९३ आणि ९९५वर पहिल्या बाइटपासून टीएलएस असतं, म्हणून तिथे 'एसएसएल' हा शब्द हवाच. तो विसरला तर एरर येत नाही, नुसती शांतता पसरते. फेचमेल सर्व्हरच्या नमस्काराची वाट बघतं आणि सर्व्हर फेचमेलच्या टीएलएसच्या नमस्काराची. दोघंही 'आधी आप' करत बसतात आणि ३०० सेकंदांनी टाइमआउट होतो. उलट १४३वर थेट टीएलएस लावलं तर 'राँग व्हर्जन नंबर' येतं. हे वाचून लोक ओपनएसएसएलच्या आवृत्त्या बदलू लागतात, पण दोष पोर्टचा असतो.

सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची तक्रार आली तर पहिल्यांदा 'डेट' ही आज्ञा. जुन्या संगणकाची मदरबोर्डवरची बॅटरी संपली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि जगातलं प्रत्येक प्रमाणपत्र 'अजून लागू झालेलं नाही' ठरतं. तारीख बरोबर असेल तर 'सीए-सर्टिफिकेट्स' पॅकेज अद्ययावत करा. लेट्स एन्क्रिप्ट ही मोफत प्रमाणपत्रं देणारी संस्था ज्याच्या आधारावर चालत होती ते एक जुनं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ला संपलं, आणि ओपनएसएसएल १.०वर राहिलेल्या संगणकांना त्यानंतर धडधाकट सर्व्हरही खोटे वाटू लागले. नाव जुळत नसेल तर प्रमाणपत्रावर जे नाव आहे तेच फाइलमध्ये 'पोल'पुढे, सर्व्हरच्या नावाच्या जागी, लिहा. २०१९मधल्या ६.४ आवृत्तीपासून फेचमेल प्रमाणपत्र मुळातच तपासतं. 'नो एसएसएलसर्टचेक' लिहून ती तपासणी बंद करा असा सल्ला तुम्हाला ठिकठिकाणी मिळेल. तसं केलं तर वाटेत बसलेल्या कोणालाही तुम्ही पासवर्ड स्वतःच्या हाताने देताय.

फेचमेल मधून पूर्ण काढून थेट सर्व्हरशी बोलायचं असेल तर 'ओपनएसएसएल एस-क्लायंट', त्यापुढे 'डॅश कनेक्ट', सर्व्हरचं नाव, कोलन आणि ९९३. सर्व्हरचा नमस्कार दिसला की रस्ता आणि टीएलएस दोन्ही निर्दोष. इथे एक गंमत आहे. या प्रोग्राममध्ये मोठ्या लिपीतला 'क्यू' ओळीच्या सुरुवातीला आला तर तो गाशा गुंडाळतो, आणि मोठा 'आर' आला तर टीएलएसची बोलणी नव्याने करायला जातो. त्यामुळे पॉप३वर 'रेटर' ही मेल मागवायची आज्ञा मोठ्या अक्षरांत टाइप केली की जोडणी बिनसते आणि माणूस सर्व्हरला शिव्या घालतो. छोटी लिपी वापरा, सर्व्हरला दोन्ही चालतात.

आता तुमच्या गोंधळात भर घालणारी एक गोष्ट, जिचा तुम्ही उल्लेख केलेला नाही, पण नमुन्याच्या फाइलींत हमखास असते: 'सेट डिमन'. ती ओळ असेल तर पहिल्यांदा चालवल्यापासून एक फेचमेल पडद्यामागे जागं आहे. दुसरं चालवायला गेलात की ते नवं चालत नाही, जुन्यालाच हलवून उठवतं. पर्याय दिलेत तर 'पडद्यामागे एक चालू असताना पर्याय घेता येत नाहीत' म्हणतं. आणि लॉगिन फसल्याचं त्या जुन्याने लक्षात ठेवलं असेल तर तो सर्व्हर ते वगळत राहतं, 'पोल स्किप्ड' म्हणत. तुम्ही इकडे पासवर्ड सुधारताय आणि तिकडे कोणी दार वाजवतच नाहीये. म्हणून कुठलीही तपासणी सुरू करण्याआधी 'फेचमेल डॅश डॅश क्विट'.

तेव्हा आज बसाल तेव्हा असं करा. आधी क्विट. मग स्वतःला एक मेल पाठवा, फोन बाजूला ठेवा. मग 'फेचमेल डॅश डी शून्य डॅश के डॅश व्ही डॅश व्ही'. इथली सगळी अक्षरं छोट्या लिपीतली. छोटं डॅश व्ही दोन वेळा दिलं की सर्व्हरशी झालेला संवाद ओळीने दिसतो, पासवर्डच्या जागी तारका येते. वरून खाली वाचत या आणि जिथे पहिली तक्रार दिसेल तिथेच थांबा. तिच्या खालच्या बऱ्याचशा तक्रारी तिच्याच पोटच्या असतात. एका वेळी एकच बदल करा. त्यानंतर लगेच 'एको डॉलर प्रश्नचिन्ह' विचारा. ० म्हणजे मेल आले. १ म्हणजे नवं काही नाही, आणि ही चूक नव्हे. क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या प्रोग्राममधून, चालवणारे या १ला घाबरून सगळं उलथंपालथं करतात. २ जोडणीचा दोष, ३ लॉगिनचा, ५ कॉन्फिगमधल्या व्याकरणाचा, ६ फाइलच्या परवानग्यांचा, ८ म्हणजे दुसरं फेचमेल आधीच चालू आहे, १० म्हणजे पोर्ट २५च्या दारावर अडलं. तुमच्या '३७ सीन'नंतर १ येत असणार. मेल सर्व्हर टाकलेला नसेल तर नव्या मेलनंतर बहुधा १० येईल, आणि मग एमडीएची ओळ लिहायची.

हाताने सगळं चालतं आणि क्रॉनमधून चालत नाही असं पुढे झालं, तर आधी मार्ग तपासा. क्रॉनला तुमच्या शेलचा पाथ मिळत नाही, म्हणून प्रोग्रामचं नाव पूर्ण पत्त्यासह लिहा. सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) यूजर सर्व्हिसमध्ये टाकलंत तर तुम्ही लॉगआउट केल्यावर तीही झोपते. तिला जागं ठेवायला 'लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर' लागतं. दोन फेऱ्यांमध्ये ३०० सेकंद पुरेत. दर दहा सेकंदांनी दार ठोठावलं तर काही सर्व्हर काही काळ दारच बंद करतात.

'कीप' मात्र इतक्यात काढू नका. आठवडाभर तसाच राहू द्या, रोज सर्व्हरवरचे आणि संगणकावरचे मेल मोजून ताडून बघा, एखादं दहा एमबीच्या वरचं जोडपत्र मुद्दाम स्वतःला पाठवून तेही उतरतंय ना ते पाहा. आणि फोनवर मेल वाचायची सवय सुटणार नसेल, तर खरं तर तुम्हाला मेल उतरवणारा प्रोग्राम नकोच आहे, दोन्हीकडची खूण सारखी ठेवणारा हवाय. ते काम एमबीसिंकचं. त्याची कॉन्फिग लिहिताना रिकामी ओळ विचार करून सोडा, त्याच्या लेखी रिकामी ओळ म्हणजे तो विभाग संपला. आणि १.४ आवृत्तीपासून 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' या शब्दांच्या जागी 'फार' आणि 'निअर' आलेत, त्यामुळे नमुन्याची फाइल घ्यायचीच झाली तर तिच्यात हे नवे शब्द आहेत का ते आधी बघून घ्या.